पिंपातली मोटर

मेहुण्याच्या घरी जेवायला बसलं की तोंडाचा उपयोग जेवण्यापुरताच करावा, असं सुधीर सांगोलकरांच्या वडिलांनी त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. बिचाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं पाळलं. यंदा गणपतीत सासुरवाडीला, आचऱ्याला मात्र पाचवा मोदक पोटात गेला, त्यावर साजूक तूप गेलं आणि जीभ सैल सुटली.

निमित्त हृषीकेशचं. हृषीकेश म्हणजे त्यांच्या बायकोचा, मधुमतीचा धाकटा भाऊ. खाडीत पर्यटकांना बोटीतून फिरवतो, खातो-पितो, मोठ्यानं हसतो. तो भर पंगतीत म्हणाला, "भावोजी, रिटायर झालात. आता लखनौत काय ठेवलंय तुमचं? माडीवरची खोली ताईसाठी रंगवून घेतलीय. खिडकी उघडली की समोर खाडी. या आता इकडंच."

सांगोलकरांचा मोदक घशात अडकला. ते मूळचे सांगोल्याकडचे. लहानपणी त्यांनी पाणी पाहिलं ते टँकरमधून उतरताना. पाणी ही पुरवून वापरायची वस्तू. तिच्यावर बसून हिंडायचं असतं हे त्यांना लग्नाच्या दिवशी कळलं. त्याच दिवशी होडीतून खाडी ओलांडताना त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर पोटातलं जे काही बाहेर काढलं, त्याची आठवण आचऱ्यात दर गणपतीला न चुकता निघते. उलट लखनौ म्हणजे त्यांचं सर्वस्व. मानकनगरच्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत हयात गेली, डिझेल इंजिनं थंड कशी ठेवायची या एका विषयात केस पिकले, आणि आता वृंदावन योजनेत तळमजल्यावरचा स्वतःचा फ्लॅट. तो सोडून खाडीकाठी राहायचं? छे!

"लखनौत काय नाही ते विचार," सांगोलकर म्हणाले. "नदीसुद्धा आहे."

"आणि नदीत तुम्ही बसता होडीत?"

"बसतो? अरे, चालवेन मी होडी. मोटर लावून चालवेन!"

पंगत जी हसली, ती वाढप्याच्या हातातला वरणाचा डाव खाली पडला तरी थांबेना. हृषीकेश तसाच उष्ट्या हातानं उठला, मागच्या पडवीत गेला आणि बोटीला मागून लावायची एक जुनी मोटर उचलून घेऊन आला. "ही घ्या. कधीपासून बाजूला टाकलीय. पाण्यात सोडली की तापते आणि बंद पडते. तुम्ही जन्मभर इंजिनं थंड केलीत ना? ही करा. पण सांगून ठेवतो हां, तुमका जमाचा नाय."

इथंच सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण इतका वेळ मुकाट्यानं वाढणारी मधुमती भाताचं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "चालेल. भाऊबीजेला हृषी, तू लखनौला ये. ह्यांनी ही मोटर लावून आपल्याला गोमतीत फिरवून आणलं, तर मी जन्मभर लखनौत राहीन, पुन्हा इकडचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर दिवाळी आटोपून सामानासकट इकडं."

मधुमती बोलली की बोलली. मानकनगरच्या क्वार्टरमधून गेल्या वर्षी आणलेली अर्धी खोकी तिनं अजून सोडलेलीच नव्हती. त्यामुळे घरात तीन ताटं, दोन वाट्या आणि एक झारा यावर संसार चालू होता.

परतीच्या प्रवासात मोटर गोधडीत गुंडाळून बर्थखाली ठेवली. नुसता पंखा तेवढा बाहेर डोकावत होता. भोपाळपासून समोर बसलेल्या एका गृहस्थांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "भाई साहब, ये टेबल फैन है? हवा ठीक देता है?" सांगोलकर म्हणाले, "देता है." इंजिनियर माणसानं कुणाकुणाला समजावत बसायचं?

घरी आल्यावर त्यांनी मागच्या अंगणात निळं प्लास्टिकचं मोठं पिंप मांडलं, काठोकाठ पाणी भरलं, वर फळी आडवी बांधली आणि फळीला मोटर टांगली. खालचा पंखा पाण्यात, डोकं बाहेर. ही मोटर म्हणजे काही अवघड प्रकरण नव्हे. नदीतलं पाणी खालून आत ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं आणि मागच्या बारीक भोकातून धार सोडून बाहेर टाकायचं. धार जोरात पडतेय तोवर मोटरची तब्येत ठणठणीत. सांगोलकरांनी ती उघडली आणि पहिल्याच दिवशी रोग पकडला. पाणी ओढणाऱ्या रबरी चक्राच्या पाकळ्या झिजून पार गेल्या होत्या. हृषीकेशनं ते बदललंच नव्हतं.

"बघ!" ते मधुमतीला म्हणाले. "तुझा भाऊ बोटी चालवतो म्हणे."

"मग बदला ना चटकन," मधुमती म्हणाली आणि नवं चक्र मागवायची खटपट तिनं स्वतःच केली. ते का, हा प्रश्न सांगोलकरांना पडला नाही. विजय जवळ आला की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

नवं चक्र बसलं. दोरी ओढली. फटफटफट करत मोटर सुरू झाली, अंगणभर धूर झाला आणि मागून पाण्याची अशी झकास धार पडली की सांगोलकरांनी टाळी वाजवली. मोटर चालली, चालली, आणि थोड्या वेळानं वाफा सोडत, करपट वास मारत बंद पडली. हात लावला तर चटका.

"पिंपातलं पाणी बदलून बघा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून मधुमती म्हणाली.

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं पाणी बदललं असतं आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण समोर सांगोलकर होते, आणि पाणी पिंपभर होतं. "बदलून? एवढं पाणी ओतून द्यायचं? सांगोल्यात एवढ्या पाण्यात अख्ख्या गल्लीनं आठवडा काढला असता! आणि मधू, हे माझं क्षेत्र आहे. रेल्वेच्या इंजिनात तेच पाणी फिरून फिरून परत येतं. इंजिन काय दर स्टेशनला नवं पाणी मागतं?"

"रेल्वेच्या इंजिनाला पुढं जाळी असते ना पाणी गार करायला? इथं कुठाय?"

"तू पोह्यांचं बघ," सांगोलकर म्हणाले. मधुमतीनं पोह्यांचं बघितलं आणि त्या विषयावर पुन्हा अक्षर काढलं नाही.

त्यानंतर सांगोलकरांनी मोटरला पिंजून काढलं. आतली तापमान सांभाळणारी झडप बदलली. तेलाचं प्रमाण बदललं. पाण्याच्या वाटा सायकलच्या स्पोकनं कोरून काढल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर सकाळी पहिल्यांदा मोटर छान चालायची, कारण पाणी रात्रभर निवलेलं असायचं. आणि मग पाणी तापलं की मोटरही तापायची. सकाळी सांगोलकर शीळ घालत असत आणि दुपारी घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे. त्यांची मुलगी पूर्वा जन्मापासून लखनौची. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत येतं. ती एका कंपनीचं काम घरून करायची. मीटिंग सुरू झाली की अंगणात फटफट सुरू. शेवटी ती बाहेर येऊन म्हणाली, "पापा, मेरे मैनेजर पूछ रहे हैं कि हमारे यहाँ रोज़ जनरेटर क्यों चलता है. मैंने बोल दिया कि लाइट नहीं है. अब वो मुझे ऑफिस बुला रहे हैं."

शेजारच्या बाजपेयीजींचा तर मुक्कामच अंगणात पडला. बाजपेयीजी बँकेतून निवृत्त, कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी आणि सल्ला देण्याच्या बाबतीत दानशूर कर्ण. खुर्ची ते घरून आणत, चहा सांगोलकरांचा पीत. एकदा धार बारीक झालेली पाहून ते फार गंभीर झाले. "इंजीनियर साहब, बुरा मत मानिएगा. हमारी भी कुछ दिन ऐसी ही आ रही थी. रुक-रुक के. टालिए मत, किसी अच्छे डॉक्टर को दिखा लीजिए."

"मोटर को?"

"अमाँ, उमर तो इसकी भी हो गई होगी."

आणि मग या बाजपेयीजींनीच भलतं लचांड उभं केलं. दिवाळी जवळ आली, सकाळी गारवा पडू लागला, आणि त्यांच्या गुडघ्यांनी दरवर्षीप्रमाणे संप पुकारला. एक दिवस मोटर बंद पडल्यावर पिंपातलं कढत पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी बादलीत काढून पाय बुडवून बसायला सुरुवात केली. पाण्याला पेट्रोलचा वास, वर तेलाचा रंगीत तवंग. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीतून हात न टेकता उठले आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडले, "चमत्कार! भाई साहब, चमत्कार हो गया!"

बस्स. वृंदावन योजनेत गुडघ्यांचा तुटवडा नाही. बघता बघता सांगोलकरांच्या अंगणात बादल्या घेऊन मंडळी जमू लागली. सक्सेनाजी आले, त्यांची मेहुणी आली, पलीकडच्या सेक्टरमधून कुणाच्या तरी सासूबाई रिक्षा करून आल्या. सगळे पाय सोडून बसत, शेंगदाणे खात, आणि मोटर तापली की "हाँ, अब आया असर!" म्हणून माना डोलवत. पाणी कमी झालं की सांगोलकर पाय काढलेल्या बादल्या पुन्हा पिंपातच ओतायला लावत. थेंब वाया जाता कामा नये! मोटर तापू नये म्हणून झटणारा कॉलनीत एकच माणूस उरला, आणि त्याला लोक आदरानं म्हणू लागले, "बाबूजी, आज ज़रा और गरम कीजिए."

सांगोलकरांच्या स्वाभिमानाला हे फार लागलं. इंजिनं थंड ठेवण्यात हयात घालवलेल्या माणसाची कीर्ती पाणी तापवण्यासाठी व्हावी! त्यांनी गर्दी हटवायला सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी म्हणजे बाजपेयीजीच. त्यांनी फाटकावर सूचना लावली: 'कॉलोनी परिसर में नौकायन सायं पाँच बजे के बाद वर्जित है.' पाच वाजेपर्यंत त्यांचे स्वतःचे गुडघे आटोपलेले असत.

इकडं भाऊबीज तोंडावर. निदान कागदपत्रं तरी तयार असावीत म्हणून सांगोलकर नदीत मोटरबोट चालवायची परवानगी काढायला गेले. पहिल्या कार्यालयात बाबू फार प्रेमानं म्हणाला, "बैठिए. नाव कहाँ है?"

"नाव नहीं है. मोटर है."

"तो मोटर की परमिशन कैसी? मोटर तो हमारे घर में भी है, पानी चढ़ाने की. नाव लाइए."

होडीवाल्याकडं गेले तर तो म्हणाला, आधी परवानगी आणा, मग नाव देतो. दुसऱ्या कार्यालयानं सांगितलं की पाणी त्यांच्याकडं, पण पाण्यावरचं तिसऱ्यांकडं. तिसऱ्यांनी अर्ज घेतला, नीट वाचला आणि विचारलं, "उद्देश्य?" सांगोलकरांनी खरं तेच लिहिलं: 'साले साहब को दिखाना.' अधिकाऱ्यानं चष्मा काढला, स्वतःच्या मेहुण्याची आठवण झाल्यासारखा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला, आणि मग सगळ्यात उपयोगी सल्ला त्यानंच दिला. कुडिया घाटावर लल्लन नावाचा नावाडी आहे, त्याच्या नावेची परवानगी पूर्वीचीच आहे, मोटरसकट. त्याची मोटर तेवढी विकली गेली. त्याच्याच नावेला तुमची लावा आणि त्याला बरोबर घ्या. लल्लनची एकच अट होती, "बाबूजी, आग तो नहीं लगेगी?" सांगोलकर "नहीं" म्हणाले, पण दुसरीकडं बघत.

आता नाव होती, परवानगी होती, मेहुण्याचं तिकीट आलं होतं, आणि मोटर तापतच होती. सांगोलकरांची झोप उडाली. डोळे मिटले की माडीवरची ती रंगवलेली खोली दिसायची, आणि खिडकीतून आत येणारी खाडी. त्यांना खरंच रडू यायचं. बाजपेयीजींचा कंटाळा येतो असं ते रोज म्हणत. पण आचऱ्याला सकाळी उठून भांडायचं कुणाशी?

अशात एका रविवारी लखनौच्या दुसऱ्या टोकाहून, जानकीपुरमहून डॉ. अभिराम आला. हा औषध-संशोधनातला शास्त्रज्ञ, मराठी मंडळातला, वयानं लहान पण शंकेखोर. "वहिनींचा फोन आला होता, म्हणाल्या सहज चक्कर मार," असं म्हणत तो अंगणात शिरला आणि बादल्यांत बुडवलेल्या पायांची ती रांग पाहून जागच्या जागी थिजला.

"सांगोलकर, हे काय आहे?"

"माझी मोटर."

"आणि हे?"

"त्यांचे गुडघे."

अभिरामला सगळं सांगितल्यावर त्याच्यातला शास्त्रज्ञ खवळला. पेट्रोलच्या पाण्यानं गुडघे बरे होतात? पुरावा काय? अर्ध्या लोकांना खरं पाणी आणि अर्ध्यांना साधं पाणी देऊन पाहिल्याशिवाय हे सिद्ध कसं होणार? त्यानं स्वतःच बाह्या सरसावल्या. पिंपातलं अर्ध्याहून जास्त पाणी बादल्यांत काढून एका बाजूला ठेवलं आणि पिंप नळाच्या गार पाण्यानं भरून टाकलं. सांगोलकर "अहो, अहो, पाणी!" म्हणत मागे धावले, पण शास्त्रज्ञाला पुराव्याची नशा चढली की तो ऐकत नाही.

मोटर सुरू केली. चालली. चालली. बाजपेयीजींचा एक चहा झाला, दुसरा झाला. मोटर आपली चालूच. हात लावून पाहिला तर नुसती कोमट.

"देखिए," बाजपेयीजी कुरकुरले, "आज तो कुछ गरम ही नहीं हो रहा. इन साहब ने ख़राब कर दी."

सांगोलकर पिंपाशी उभे राहिले. त्यांनी एक हात पिंपातल्या पाण्यात घातला आणि दुसरा बाजूला काढलेल्या बादलीत. बादलीतलं पाणी अजून कढत होतं. हातांची अदलाबदल करून पुन्हा बुडवून पाहिले. मग त्यांना हळूहळू समजलं, की गेले कित्येक आठवडे आपण एका बिचाऱ्या मोटरला उकळत्या पाण्यात उभी करून 'थंड हो, थंड हो' म्हणत होतो. त्यांनी चोरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं. मधुमती मन लावून शंकरपाळे कापत होती. इतकं मन लावून शंकरपाळे कुणी कापत नाही.

"काय सापडलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"एक सूक्ष्म दोष होता," सांगोलकर म्हणाले. "तुला सांगून कळायचा नाही."

"बरं," मधुमती म्हणाली.

पिंपातलं पाणी ओतून द्यायचं ठरल्यावर कॉलनीत खळबळ माजली. सक्सेनाजींची मेहुणी रडायच्या बेताला आली. बाजपेयीजींनी समितीची तातडीची बैठक बोलावली. अखेर ते पाणी डबे-बरण्यांत भरून सगळ्यांना वाटावं लागलं, तीर्थासारखं. अभिराम कपाळाला हात लावून निघून गेला.

भाऊबीजेच्या सकाळी हृषीकेश हजर झाला, हापूसच्या रसाचे डबे आणि ओलं खोबरं घेऊन. दुपारी सगळे कुडिया घाटावर. सांगोलकरांनी लाइफ जॅकेट घरीच घातलं होतं. गाडीत सीटबेल्ट त्यावरून लागेना म्हणून पूर्वानं दोरी बांधली. घाटावर बाजपेयीजी कॉलनीतली निम्मी मंडळी घेऊन आधीच पोचले होते. नावेला मोटर लागली, लल्लन डोळे मिटून पुढं बसला, आणि सांगोलकरांनी देवाचं नाव घेऊन दोरी ओढली.

फटफटफट. मागून धार, जाड, जोरदार. काठावरून बाजपेयीजी ओरडले, "वाह! अब तो जवान हो गई!"

नाव निघाली. मधुमतीनं नावेतच पाट मांडला, हृषीकेशला बसवलं आणि निरांजन लावायला काडी काढली. "पेट्रोल आहे!" असं सांगोलकर इतक्या जोरात ओरडले की काडी नदीत पडली. पूर्वानं बॅटरीवरची पणती काढून दिली. मधुमतीनं भावाला तीच लुकलुकणारी पणती ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. उन्हं कलली होती, हवेत गोड गारवा होता, आणि दोन्ही काठ भाऊबीजेच्या गर्दीनं रंगीबेरंगी झाले होते. मधुमती पाण्यात बोटं बुडवून बसली होती आणि हसत होती.

तेवढ्यात धार थांबली.

सांगोलकरांचं लक्ष सारं तिकडंच होतं. करपट वास यायच्या आत त्यांनी मोटर बंद केली. हृषीकेश सवयीनं उठला. "सोडा भावोजी, मी बघतंय."

"खाली बस," सांगोलकर म्हणाले. "नाव हलवू नकोस."

हृषीकेश बसला. सांगोलकर आडवे झाले, मोटर वर उचलली, खालच्या जाळीत बोटं घातली. नदीत पसरलेल्या जलपर्णीचा गुंता, त्यात एक प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत अडकलेली दिवाळीच्या तोरणाची झिरमिळी. सगळं ओढून काढलं. थोडा वेळ मोटर निवू दिली. पुन्हा खाली सोडली. दोरी ओढली. फटफटफट, आणि धार. त्यांनी मान वर केली तेव्हा हृषीकेश तोंड उघडं टाकून बघत होता.

"भावोजी," तो म्हणाला, "मानला तुमका. पायच धरूक होये तुमचे."

आणि इथं सांगोलकरांना एक विचित्र गोष्ट जाणवली. ते नदीच्या मधोमध होते, नाव डोलत होती, आणि त्यांना मळमळत नव्हतं. भीती वाटत नव्हती. उलट मजा येत होती, लहान पोरासारखी मजा! समोर पाण्याचा पट्टा उन्हात चमकत होता, हातात मोटरचा दांडा होता, बायको हसत होती. एवढं मोठं मन त्यांचं कधी झालं नव्हतं. त्यांनी मधुमतीकडं पाहिलं. हिनं जन्मभर हे पाणी सोडून आपल्यामागं मानकनगरात दिवस काढले, आणि आपण एका फ्लॅटसाठी हिला अडवून धरतोय!

"हृषी," सांगोलकर गहिवरून म्हणाले, "पैज मी जिंकलो. पण मी माघार घेतो. आम्ही येतो आचऱ्याला. कायमचे."

हृषीकेशच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं, ते अर्ध्यावर अडकलं. मधुमतीनं पाण्यातून हात बाहेर काढला.

"काय म्हणालात?"

"तुझ्यासाठी, मधू. खाडी, माडीवरची खोली—"

"मला नाही यायचं!" मधुमती कडाडली. लल्लननं दचकून डोळे उघडले. "अहो, कुणी विचारलं होतं तुम्हाला? जिंकलात ना? मग जिंकून गप्प बसता येत नाही?"

"अगं, पण तूच तर—"

"मी पैज लावली ती हरायला! नवं चक्र घातलं की नदीत ही मोटर चालणार हे पंगतीतच ठाऊक होतं मला, खाडीवर वाढलेय मी. वाटलं, आठ दिवसांत चालू कराल. तुम्ही दिवाळी गाठलीत! रोज माझा जीव टांगणीला. पाणी बदला म्हटलं तर सांगोल्याचा इतिहास. अभिरामला बोलवावं लागलं शेवटी." ती भावाकडं वळली. "हृषी, रागावू नको रे. तू मायेनं खोली रंगवलीस, तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणू? आचऱ्याला मी चार दिवस तुझी ताई असते. पाचव्या दिवशी तुझ्या बायकोच्या, नयनाच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठाय ते विचारावं लागतं. इथं माझं सगळं आहे. थंडीत गच्चीवर मटार सोलायला बाजपेयीण येते. कोपऱ्यावरची भाजीवाली मी दोन दिवस दिसले नाही तर घरी विचारायला येते. माहेर माहेरासारखंच राहू दे ना."

हृषीकेश मान खाली घालून बसला. सांगोलकरांना वाटलं, आता हा रडतो. त्यानं हळूच मान वर केली.

"ताय, खरां सांगू? ती खोली नयनान पर्यटकांका देवक सुरुवात केल्यान. मे महिन्यापर्यंत बुकिंग आसा. तुका सांगूचा कसा, ह्याच विचारात होतंय मी. म्हटलं भावोजींका काय मोटर जमाची नाय, तुम्ही येतलात, आणि मग मी तुमका ठेवू खंय?"

मधुमती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. हृषीकेश हसला, पूर्वा हसली, आणि काही न कळूनही लल्लन हसला. नाव अशी हलू लागली की एरवी सांगोलकरांनी किंकाळी फोडली असती.

फक्त सांगोलकर रुसून बसले होते. "म्हणजे जायचं कुणालाच नव्हतं. आणि मी मात्र एवढी हाडं झिजवली."

मधुमती सरकत त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि मोटरच्या दांड्यावरच्या त्यांच्या हातावर तिनं आपला ओला हात ठेवला. "झिजवलीत ना माझ्यासाठी. पाण्याला इतकं घाबरता, तरी आलात. मला फार बरं वाटलं हो, खरंच." एवढं ती लग्नानंतर कधी बोलली नव्हती. सांगोलकरांचा रुसवा होता तिथंच विरघळला. पण लगेच दाखवायचा कशाला, म्हणून ते धारेकडं बघत राहिले.

काठावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. पुढून लल्लननं वळून विचारलं, "बाबूजी, अब लौटा लें?"

सांगोलकरांनी तोंड उघडायच्या आत मधुमती म्हणाली, "अभी नहीं भैया, आगे चलो. घर कहाँ भागा जा रहा है? यहीं तो है."

सांगोलकरांनी दांडा पिळला, आणि नाव पुढं निघाली.